बारावी घडी

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशेजारी एक खुंटी होती आणि त्या खुंटीला न्हाव्याची धोकटी, म्हणजे हत्यारांची कातडी पिशवी, टांगलेली होती. नव्या माणसाला वाटायचं, इथे कोणी न्हावी नोकरीला असेल. तसं काही नव्हतं. सोलापूरच्या त्या इस्पितळात ती धोकटी न्हावी सोडून बाकी सगळ्यांसाठी होती.

ती आणली होती मोठ्या सर्जननी, म्हणजे रावसाहेब डॉक्टर रुद्रप्पा हत्तुरे यांनी. मंगळवारच्या बाजारातून, जुनी, वापरलेली, वस्तऱ्यासकट. रावसाहेब मुंबईला शिकत होते तेव्हा त्यांचा गोरा कर्नल त्यांना चार वर्षं 'बार्बर' म्हणूनच हाक मारत होता. नाव त्याला अखेरपर्यंत माहीत नव्हतं. त्या चार वर्षांत रावसाहेबांचा हात असा तयार झाला की दक्षिणेत विजापूरपर्यंत त्या हाताचं नाव निघे. त्यावरून रावसाहेबांनी सिद्धांत काढला की लाज वाटल्याशिवाय हात सुधारत नाही. कर्नलने काही शिकवलंही असेल, पण ते त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

नियम सोपा होता. ज्याच्या हातून चूक होईल त्याने धोकटी गळ्यात घालायची आणि दिवसभर सगळ्या वॉर्डांतून तशीच मिरवायची. शहरातल्या न्हाव्यांना याबद्दल काय वाटतं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते बहुधा म्हणाले असते, की आम्ही आजवर एकाही गालात वस्तरा विसरलेलो नाही.

विरुपाक्ष तोळणुरे इथे हाताखालचा डॉक्टर म्हणून आला तो सन चौतीसच्या जून महिन्यात, आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात धोकटी पडली. टाक्याची गाठ सैल बसली होती, एवढंच. पण नेमक्या त्या दिवशी त्याचे वडील अक्कलकोटहून भेटायला आले. गुरुबसप्पांचं तिकडे भुसाराचं दुकान होतं. मुलगा डॉक्टर झाल्यापासून ते दुकानातल्या गिऱ्हाइकाला आधी मुलाची हकिगत सांगत आणि मग तूरडाळीचा भाव. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडी घेऊन ते व्हरांड्यात आले, तर समोरून मुलगा येत होता आणि त्याच्या गळ्यात न्हाव्याची धोकटी होती.

गुरुबसप्पांनी धोकटीकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग भिंतीकडे.

"अप्पा, इथली पद्धत आहे," विरुपाक्ष म्हणाला.

"असेल की," अप्पा म्हणाले. "गाडीची वेळ झाली."

गाडीला अजून तीन तास होते. पुरचुंडी त्यांनी बाकावर ठेवली आणि ते गेले. आठ दिवसांनी पत्र आलं. त्यात पावसाबद्दल, म्हशीबद्दल आणि धाकट्या बहिणीच्या स्थळाबद्दल सगळं होतं. डॉक्टरकीबद्दल एक अक्षर नव्हतं. दुकानात आता हकिगत सांगितली जाते की नाही, हे विचारायचं विरुपाक्षला धाडस झालं नाही. त्या दिवसापासून मात्र त्याच्या हाताला एक नवी सवय लागली. टाका घालताना तो आधी रावसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाही आणि मग जखमेकडे.

ऑगस्टमध्ये मंगळवेढ्याकडचा धुळा आला. पंचविशीचा धनगर. एडक्याने त्याला पोटात टक्कर दिली होती. एरवी अशा टकरीने माणूस धूळ झटकून उठतो, पण दोन वर्षांच्या हिवतापाने धुळाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगून बरगडीखाली भोपळ्यासारखी लोंबत होती. ती फुटली. आई म्हाळसाबाईने त्याला मोटारीत आडवा घालून सोलापूरला आणला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग पांढरीच्या मातीसारखा झाला होता.

"एडका मारका न्हवता वो," म्हाळसाबाई ज्याला त्याला सांगत होती. "ह्यानंच त्येची चेष्टा केली."

रावसाहेबांनी पोट उघडलं. आत रक्ताचं तळं. असल्या वेळी रावसाहेब पाहण्यासारखे असत. डोळ्यांना काही दिसत नसताना त्यांचा डावा हात मनगटापर्यंत आत जाई आणि नेमकी जागा धरी. रक्त टिपायला गॉजच्या घड्या लागत. त्या दिवशी बारा मांडल्या होत्या. सिस्टर सुंदरम्मा एकेक पुढे करी, रावसाहेब ती बरगडीखाली, वर, खोल दाबत, आणि भिजलेली बाहेर येई ती बादलीत पडे. विरुपाक्ष जखमेचे काठ ओढून धरून उभा होता. कंपाउंडर चन्नप्पा डोक्याशी क्लोरोफॉर्म देत होता.

पाणथरी निघाली. रक्त थांबलं. रावसाहेब हात धुवायला वळले आणि म्हणाले, "पोट शिवा. पण आधी मोजा."

मोजायचं काम धोंडप्पाचं. साठीला टेकलेला हा माणूस ऑपरेशनच्या खोलीची व्यवस्था पाही आणि कानडीत मोजी. बादलीतून एकेक घडी काढून तो फळीवर मांडू लागला. "वंदु. एरडु. मूरु." पुढे आठ, नऊ, दहा. "हन्नोंदु," तो म्हणाला, म्हणजे अकरा. आणि थांबला.

विरुपाक्षच्या जागेवरून बादलीचा तळ दिसत होता. पांढऱ्या रोगणाची बादली होती. तळाशी लाल पाणी होतं आणि पाण्यात काही नव्हतं.

"हं?" रावसाहेब पाठमोरेच म्हणाले.

धोंडप्पा बादलीवर वाकला. त्याची पाठ क्षणभर मधे आली. सरळ झाला तेव्हा त्याच्या हातात एक लालभडक, ठिबकणारी घडी होती.

"हन्नेरडु," तो म्हणाला. बारा.

विरुपाक्षने सुई उचलली. तळाशी बसली असेल, त्याने मनाशी म्हटलं. पाणी गढूळ होतं. आपल्याला नीट दिसलं नसेल. एवढ्या मोठ्या शंकेला त्याने एवढ्याशा तीन वाक्यांत झोपवलं आणि चौदा टाके घातले. रावसाहेबांनी गाठी तपासल्या. "सुधारणा आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य वर्षाकाठी एकदा निघे. सुंदरम्माने वहीत लिहिलं, घड्या मांडल्या बारा, मोजल्या बारा. त्या वहीत सात वर्षांत एकही चूक नव्हती. जिल्ह्यातून तपासणीला येणारे साहेब ती वही मुद्दाम मागवून पाहत.

तिसऱ्या दिवशी धुळाला ताप आला. चौथ्या दिवशी उचकी लागली आणि ती थांबेना.

"मेंढरं आटवन काढत्यात," म्हाळसाबाई म्हणाली. तिने एकेका मेंढीचं नाव घेऊन पाहिलं. नेमकं नाव निघालं की उचकी थांबते. मेंढ्या संपल्या, कुत्रा झाला, सासरी दिलेली लेक झाली. उचकी चालूच.

विरुपाक्ष पायथ्याशी उभा होता. डाव्या बरगडीखाली, आत, श्वासाच्या पडद्याला काहीतरी टोचत असलं की अशी उचकी लागते, हे त्याला पुस्तकातून पाठ होतं. कोण आठवण काढतंय हे त्या खोलीत बहुधा त्याला एकट्यालाच माहीत होतं.

रावसाहेबांची फेरी आली. "ताप कशाचा?"

विरुपाक्षने तोंड उघडलं. रावसाहेबांच्या खांद्यावरून त्याला दरवाजा दिसत होता, दरवाजापलीकडे व्हरांडा, आणि व्हरांड्यात तो बाक. "हिवताप असावा," तो म्हणाला.

"असावा म्हणजे? असावा हे चौपाडातले जोशी सांगतात. आपल्याकडे पंचांग नाही, विरुपाक्षराव."

मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी तरी हसलं. विरुपाक्षचे कान तापले. "हिवतापच आहे," तो म्हणाला. आता तो ठामपणे म्हणाला, आणि ठामपणे सांगितलेल्या गोष्टीला कोणी हसत नाही. क्विनीन सुरू झालं.

दुपारी गिरणीचा भोंगा झाल्यावर तो ऑपरेशनच्या खोलीमागे गेला. धोंडप्पा हत्यारं उकळत बसला होता. वाफेत त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"धोंडप्पा, त्या दिवशीची बारावी घडी कुठून आली?"

"बादलीतून की."

"बादली रिकामी होती. मी पाहिली."

धोंडप्पाने चिमट्याने एक कात्री उचलली, पाहिली, परत सोडली. "पाहिली तर तवाच बोलायचं की, डाक्टर."

मग धोंडप्पाने अंगातल्या झग्याच्या खिशात हात घातला आणि एक कोरी, स्वच्छ घडी काढून मांडीवर ठेवली.

"तुमी नवे हाय. एक असावी खिशात. पान्यात बुडवली की झालं."

"कधीपासून?"

"दोन वर्सं. त्याच्या आदी मी खरं मोजत होतो." तो हे अशा सुरात म्हणाला की जणू आधी तंबाखू खात होतो. "एक डाव नऊच भरल्या, दहा मांडलेल्या. मी म्हनलं, नऊ. रावसायबांनी सगळी खोली धुंडायला लावली. शेवटी घडी सापडली कुटं, तर त्यांच्याच वहानेच्या तळाला चिकटलेली. पन धोकटी मला. म्हनले, माणसाला घाबरवलंस. त्या दिवशी धाकट्या लेकीच्या सासरची मानसं आली होती पेशंट बघाया. अजून ती मला 'न्हावी व्याही' म्हनत्यात." त्याने घडी परत खिशात ठेवली आणि वरून हाताने दाबली. "खरं मोजलं तवा धोकटी पडली. खोटं मोजायला लागल्यापासून कदी न्हाय. आता तुमी शिकलेले. तुमीच सांगा."

"तो मरेल, धोंडप्पा."

"व्हय," धोंडप्पा म्हणाला. त्याचा चिमटा पाण्यात खणखणत होता. "मला बी झोप न्हाय. पन माजी पेन्शन सा महिन्यांवर हाय."

संध्याकाळी विरुपाक्ष वॉर्डात गेला. धुळाचे डोळे अर्धवट मिटलेले होते. म्हाळसाबाई त्याच्या तळपायांना तूप चोळत होती.

"नावं संपली, डागदर," ती म्हणाली. "आता तुमी घ्या एकादं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी सुरू व्हायच्या आधी विरुपाक्ष खुंटीपाशी गेला, धोकटी काढली आणि स्वतःच्या हाताने गळ्यात घातली. कातड्याला जुन्या साबणाचा वास येत होता. तशीच घालून तो वॉर्डात जाऊन धुळाच्या खाटेशी उभा राहिला.

रावसाहेब दारात आले आणि थबकले. त्यांच्यामागे सुंदरम्मा, चन्नप्पा, धोंडप्पा. कोणाला कळेना की कालपासून असं काय घडलं.

"हे कोणी सांगितलं घालायला?"

"कोणी नाही. रावसाहेब, धुळाच्या पोटात घडी आहे. डाव्या बाजूला, वर. मोजणी अकराच भरली होती. बारावी खिशातली होती." तो थांबला. धोंडप्पा जमिनीकडे पाहत होता. "माझ्या खिशातली. मी बादलीत टाकली. आणि हिवताप आहे म्हणालो तेही खोटं. मला माहीत होतं."

वॉर्डातले बाकीचे रोगी उठून बसले. रावसाहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. एरवी अशा वेळी ते जे बोलत ते ऐकायला शेजारच्या वॉर्डातले लोक येत. पण त्यांची अडचण झाली होती. शिक्षा आधी होऊन गेली होती आणि गुन्हा मागून आला होता. पोराच्या गळ्यात घालायला त्यांच्याकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं.

धुळाला उचकी लागली.

"टेबल तयार करा," रावसाहेब म्हणाले.

तासाभरात पोट पुन्हा उघडलं. रावसाहेबांचा डावा हात आत गेला, बरगडीखाली, वर, खोल. विरुपाक्ष काठ ओढून धरून उभा होता आणि त्याला दिसत होतं की तो हात शोधत नव्हता. हाताला वाट माहीत होती. त्या जागी पहिल्या वेळी एकच हात पोचला होता, आणि तो विरुपाक्षचा नव्हता, सुंदरम्माचा नव्हता, धोंडप्पाचा तर नव्हताच. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला समजलं. रावसाहेबांनाही समजलं, कारण त्यांनी मान वर केली नाही.

घडी बाहेर आली, मागोमाग पू आला. रावसाहेबांनी ती बादलीत टाकली नाही, फळीवर ठेवली. जखम धुतली, नळी घातली.

"मोजा."

या वेळी आठ मांडल्या होत्या. धोंडप्पाने मोजल्या. आठ भरल्या.

"आता खिसे," रावसाहेब म्हणाले. "विरुपाक्षराव, तुमच्या झग्याला खिसाच नाही. काल तो धोब्याकडून आला तेव्हा मी पाहिला होता. खिसे ज्यांना आहेत त्यांनी उलटे करा."

खोलीत क्लोरोफॉर्मचा वास दाटला होता. धोंडप्पाने आपली घडी काढून फळीवर ठेवली. मग, कोणी नाव घेतलं नसताना, सिस्टर सुंदरम्माने एप्रनच्या आतून एक काढली. चन्नप्पा खोकला आणि त्याने दोन काढल्या.

"दोन?" रावसाहेब म्हणाले.

"मोठं ऑपरेशन असलं की, रावसाहेब," चन्नप्पा म्हणाला.

बाजूला वही उघडी होती. सात वर्षं, एकही चूक नाही. रावसाहेब त्या चार कोऱ्या घड्यांकडे इतका वेळ पाहत राहिले की सुंदरम्माने न राहवून धुळाची नाडी धरली. धोकटी एक होती आणि माना चार. पाच म्हणावं, तर ते म्हणणार कोण.

शेवटी रावसाहेबांनी दोन हुकूम काढले. पहिला, उद्यापासून कोणाच्याही झग्याला खिसा राहणार नाही, शिंप्याला बोलवा. दुसरा विरुपाक्षला. "धोकटी तुम्ही आपखुशीने घातलीत. उतरवायची मात्र मी सांगेन तेव्हा. हा माणूस चालत घरी जाईल त्या दिवशी."

न गेला तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

खिसे त्याच आठवड्यात शिवून बंद झाले. चन्नप्पाच्या टोपीत घडी गेली ती त्याच्या पुढच्या आठवड्यात.

विरुपाक्ष धोकटी घालून फिरू लागला. पहिले दोन दिवस लोक हसले. मग धुळाचा ताप चढला, नळीतून वाटी वाटी पू यायला लागला, आणि हसणं बंद झालं. विरुपाक्ष दिवसातून सहा वेळा जखम धूत होता. वाकलं की धोकटी पुढे येऊन लोंबे. तो ती पाठीवर ढकले आणि पुन्हा वाके. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आज सकाळपासून आपण रावसाहेबांच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलेलं नाही. उचकी थांबलेली होती. ती कधी थांबली हे म्हाळसाबाईलाही सांगता येईना. "तुमी कुनाचं नाव घेटलं वो?" तिने विचारलं. तो नळी धुऊ लागला.

अठराव्या दिवशी धुळा भिंतीला धरून व्हरांड्यापर्यंत चालला. उद्या मोटारीने जायचं ठरलं.

सकाळी विरुपाक्ष पट्टी बदलायला आला तेव्हा म्हाळसाबाई त्याच्याकडे नाही, धोकटीकडे पाहत होती.

"डागदर, येक इचारू? ह्येच्यात वस्तरा हाय का नुसतंच कातडं?"

"आहे."

"मग ह्येची दाढी करा की. अस्वल दिसतंय. असा गावात न्हेला तर लोक म्हनत्याल, मसनातनं उटून आला."

"आये, ते डागदर हायती," धुळा खाटेवरून म्हणाला.

"मला दिसत न्हाय व्हय? पोट कापत्यात, दाढी यील की."

विरुपाक्षने इतक्या दिवसांत धोकटी उघडली नव्हती. आत एक गंजलेला वस्तरा होता, सहाण होती, चिमटा, वाटी, आणि पारा उडालेला आरसा. तो दहा मिनिटं वस्तरा सहाणेवर घासत बसला. मग पाण्यात उकळून आणला, ही सवय न्हाव्याची नव्हती. धुळाची हनुवटी त्याने बोटाने वर केली.

अर्धा गाल झाला असेल तेव्हा रावसाहेबांची फेरी आली. विरुपाक्षला मागे वहाणांचा आवाज ऐकू आला, पण वस्तरा गळ्याच्या शिरेवर होता. तो थांबला नाही आणि वळला नाही. रावसाहेब खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. दुसरा गाल संपेपर्यंत ते तसेच उभे होते.

"कापलं नाही कुठे," ते अखेरीला म्हणाले. कोणाशी म्हणाले हे कळलं नाही. धोकटीबद्दल काही बोलले नाहीत. पुढे गेले.

धुळा गेला. जाताना म्हाळसाबाईने धोकटी मागून घेतली, साबणाने आणि मायेने घासून धुतली आणि वॉर्डाच्या खिडकीत उन्हाला घातली. "लई वास मारत हुती," एवढंच म्हणाली.

त्याच सकाळी अकराला एक आतड्याचं ऑपरेशन होतं. घड्या दहा. रावसाहेबांचं काम संपलं, ते हात धुवायला वळले. धोंडप्पा मोजू लागला. "एंटु," तो म्हणाला. आठ. "वंबत्तु." नऊ. आणि थांबला.

त्याचा हात सवयीने झग्याशी गेला. तिथे शिंप्याची टीप होती. चन्नप्पाने टोपी सारखी केली आणि खाली पाहिलं. विरुपाक्षच्या हातात सुई तयार होती. त्याने ती खाली ठेवली.

"हं?" रावसाहेब पाठमोरेच म्हणाले.

"वंबत्तु, रावसायब," धोंडप्पा म्हणाला. "नऊच हायत."

रावसाहेब वळले. त्यांनी पहिल्यांदा दाराशेजारच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. ते थोडा वेळ तिच्याकडेच पाहत राहिले, हातांवरून साबणाचं पाणी ठिबकत होतं. मग टेबलाशी आले, आणि त्यांनी डावा हात पुन्हा आत घातला.